खारघरचा लेखक कुठे सापडतो?

नवी मुंबईतल्या खारघरमध्ये चांगलं मराठी लिहिणारी माणसं आहेत. त्यांचं लेखन तुम्ही वाचलेलं आहे, आवडलं म्हणून चार जणांना पाठवलेलंही आहे. ते कोणाचं होतं हे मात्र तुम्हाला सांगता येणार नाही, कारण तुमच्या फोनवर पोचेपर्यंत कोणीतरी त्याखालचं नाव पुसून टाकलं होतं.

पनवेल महापालिकेच्या मालमत्ता कराचा गुंता आठवून पाहा. महापालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. पुढे कराची बिलं आली ती मागच्या वर्षांची थकबाकी धरून, आणि त्याच वर्षांचं सेवाशुल्क खारघरकर हे शहर वसवणाऱ्या सिडकोला भरत आले होते. एकाच काळासाठी दोन ठिकाणी पैसे का मोजायचे, हा प्रश्न सोसायटीच्या सभांमधून विचारला जात होता. त्या दिवसांत नियम सोडवून सांगणारे, तारखा क्रमाने लावणारे आणि हरकत कशी घ्यायची ते समजावणारे मराठी मजकूर सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरत होते. त्यातले काही इतके नीट लिहिलेले होते की बिलाच्या मागे छापावेत. लिहिणारा कोण? खाली एकच शब्द : साभार. कोणाचे आभार, ते कुठेच नाही.

मला या एका शब्दाचा राग येतो. तो राग मी लपवणार नाही.

स्वतंत्रपणे लिहिणाऱ्या माणसाला महिन्याचा पगार नसतो. त्याला नोकरीचं पत्र नसतं, ओळखपत्र नसतं, पाठीशी कार्यालय नसतं. त्याला पुढचं काम मिळतं ते मागच्या लेखाखालच्या नावावरून. कुणीतरी लेख वाचतो, नाव लक्षात ठेवतो, दुसऱ्याला सांगतो, आणि कधीतरी ते एखाद्या संपादकाच्या कानावर जातं. ही साखळी नावापाशी तुटली की लेख हजार फोनांवर फिरला तरी लेखक आहे तिथेच राहतो. पुढे पाठवणाऱ्याचा अर्धा सेकंद वाचतो. लिहिणाऱ्याचं वर्ष जातं.

आणि नाव नुसतं पुसलं जातं असं नाही, त्या जागी दुसरं बसवलं जातं. चार ओळी विनोदी असल्या की खाली पु. ल. देशपांडे. थोडं हळवं असलं की व. पु. काळे. रोखठोक असलं की नाना पाटेकर. पु. लं.नी कधी न लिहिलेली वाक्यं त्यांच्या नावावर जमा होतात, आणि ज्याने ती लिहिली तो आपल्याच मजकुराखाली दुसऱ्याचं नाव पाहत बसतो. हा लेख माझा, असं त्याने सांगितलं तर लोक त्यालाच चोर ठरवतात.

कायदा या बाबतीत लेखकाच्या बाजूने उभा आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचं ५७ वं कलम सांगतं की लेखनाचे हक्क विकून टाकले तरी आपण त्याचे कर्ते आहोत हे सांगण्याचा अधिकार लेखकापाशीच राहतो. मजकुराची मोडतोड करून त्याच्या नावाला बट्टा लागेल असं काही केलं, तर त्याविरुद्ध दाद मागण्याचा अधिकारही त्याचाच. पण सोसायटीच्या ग्रुपवर कोणी कलम घेऊन भांडायला जात नाही. तिथे वाचणाऱ्याचं शहाणपणच चालतं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा याच ग्रुपवर अभिनंदनाची रांग लागली होती. ज्या भाषेचा अभिमान मिरवायचा, तिच्यात आज लिहिणाऱ्या शेजारच्या माणसाचं नाव पुसायचं, हे मला पटत नाही.

एवढं वाचकांना. आता लेखकांकडे वळतो, कारण अर्धं काम त्यांनीच अडवून धरलं आहे.

आपला वाचक कुठे वाचतो हे लिहिणाऱ्याने एकदा डोळे उघडून पाहावं. खारघरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत हार्बरचा प्रवास तासाहून अधिक आहे. वाशीच्या पुलावर एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात फोन, असा उभा असलेला माणूस तुमचा लेख अंगठ्याने सरकवत असतो. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. अकरा किलोमीटर, अकरा स्थानकं. तिच्यात बसलेल्यालाही एका स्थानकापासून पुढच्यापर्यंत मिळतात ती दोनतीन मिनिटं. या माणसाला तुम्ही काय देता? पडदा भरून खाली वाहणारा एकच परिच्छेद. त्यात बोलून टंकलेली वाक्यं, जी ‘आणि’ला ‘आणि’ लावत चालतात आणि ज्यांना पूर्णविराम ठाऊक नाही. प्रत्येक तिसऱ्या शब्दाला ठळक अक्षर. मधे मधे फुलं आणि जोडलेले हात. तो दुसऱ्या पडद्यावर थांबतो, आणि तुम्ही म्हणता मराठी माणूस वाचत नाही.

मराठी माणूस वाचतो. तुम्ही त्याला वाचू देत नाही.

वाचक का वाचत नाही याची खरी चौकशी मराठीत पहिल्यांदा कोणी केली असेल तर गणपत कृष्णाजींनी. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ते काम शिकले आणि स्वतःचा छापखाना काढून १८३१ मध्ये त्यांनी मराठी पंचांग छापलं. अडचण अशी होती की कर्मठ लोक छापलेला कागद हातात धरायला तयार नव्हते. शाईत प्राण्याची चरबी असते, तिचा विटाळ होतो, अशी समजूत होती. लोक अडाणी आहेत म्हणून गणपत कृष्णाजी गप्प बसले नाहीत. त्यांनी तुपाची शाई तयार केली. पंचांग घराघरांत गेलं. वाचकाचा हात नेमका कशाने मागे ओढला जातो ते शोधायचं आणि ती गोष्ट दूर करायची, एवढाच त्यांचा धडा होता. पुढच्याच वर्षी, ६ जानेवारी १८३२ ला, बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं ते एका स्तंभात मराठी आणि शेजारच्या स्तंभात इंग्रजी, म्हणजे दोन्ही प्रकारच्या वाचकांना एकाच पानावर जागा. पावणेदोनशे वर्षांहून जुनी ही समज आहे. आपण ती फोन हातात आल्यावर सोडून दिली.

आज वाचकाचा हात कशाने मागे येतो?

सगळ्यात आधी तुटलेल्या अक्षरांनी. पुष्कळ लिहिणारे अजून जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकतात. तो मजकूर बदलून घेताना रफार उडतो, वेलांट्या भलत्या अक्षराला चिकटतात, जोडाक्षरं फुटतात. ‘विद्यार्थी’चा ‘विद्याथी’ होतो आणि तसाच छापला जातो. आता याला सबब उरलेली नाही. आय. आय. टी. मुंबईत शिकवणारे आर. के. जोशी यांनी केलेला ‘मंगल’ हा फाँट विंडोजबरोबर येऊ लागला त्याला दोन दशकं उलटून गेली. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचा ‘मुक्ता’ कुणालाही फुकट वापरता येतो आणि तो फोनवर सुरेख दिसतो. पैसा नाही, साधन नाही, हे कारण इथे चालणार नाही. युनिकोडमध्ये थेट टंका.

दुसरं कारण मला जास्त खुपतं. लेख छापून आला की लेखक वर्तमानपत्राच्या कात्रणाचा फोटो काढतो आणि तो फोटो पाठवतो. फोटो फोनवर मोठा करावा लागतो, डावीउजवीकडे ओढावा लागतो, शेवटची ओळ घडीत गेलेली असते. त्याहून वाईट म्हणजे त्या फोटोतले शब्द टंकून शोधणाऱ्याला तो लेख सहसा सापडत नाही. उद्या कुणी ‘पांडवकडा’ म्हणून शोधलं तर तुमचा लेख त्याला दिसणार नाही, जरी तुम्ही खारघरच्या त्या धबधब्यावर सगळ्यांत चांगलं लिहिलेलं असलं तरी. आणि ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही त्यांचं काय? अँड्रॉइड फोनमधला टॉकबॅक युनिकोडमधला मराठी मजकूर मोठ्याने वाचून दाखवतो. कात्रणाच्या फोटोपाशी त्या ऐकणाऱ्याचा लेख सहसा संपतो. अंध वाचकाला आपण दारातच थांबवतो आणि आपल्याला ते कळतही नाही. तुमच्याकडे मूळ मजकूर टंकलेला असतो. तो पाठवा. फोटो हवा तर सोबत जोडा.

दिवाळी अंकांच्या पीडीएफचीही हीच गत. छापील पानासाठी रचलेले दोन स्तंभ तसेच फोनवर येतात. पहिला स्तंभ खाली ओढत वाचायचा, मग पान पुन्हा वर न्यायचं, मग उजवीकडे सरकवायचं. तिसऱ्या पानावर कोणीही कंटाळेल. दोन्ही बाजूंनी सरळ कडा पकडून केलेली मांडणीही फोनवर टाळावी. मराठीत ‘महानगरपालिकेच्या’ हा एकच शब्द अरुंद पडद्याची अर्धी ओळ खातो, मग उरलेल्या दोन शब्दांमध्ये खिंडार पडतं. डावी कडा सरळ, उजवी मोकळी. एवढ्याने डोळा थकत नाही.

मग शीर्षक. ‘मनाच्या हिंदोळ्यावर’, ‘आठवणींचा पाऊस’, ‘असंच काहीतरी’ या शीर्षकांखाली काय आहे हे लेखकालाही वर्षभराने सांगता येणार नाही. खारघरच्या डोंगरावरच्या फणसवाडीत पाणी कसं येतं यावर तुम्ही लिहिलं असेल तर शीर्षकात फणसवाडी आली पाहिजे, पाणी आलं पाहिजे. शोधणारा माणूस याच शब्दांनी शोधतो. शीर्षकाखाली तुमचं पूर्ण नाव. त्याखाली गाव आणि तारीख. तारीख नसलेला लेख पाच वर्षांनी ताजी बातमी म्हणून फिरतो आणि लोकांना घाबरवतो, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. आणि नाव फक्त तळाशी ठेवू नका, तळ कापायला सोपा असतो. मजकुराच्या पोटात कुठेतरी ‘मी, अमुक, बेलपाड्यात राहतो’ असं एक वाक्य असू द्या. ते काढायचं तर पुसणाऱ्याला वाचावं लागेल.

हे सगळं मी लेखकाच्या गळ्यात घालतो आहे याची मला जाणीव आहे. पूर्वी यातलं बरंचसं संपादक करत असे. ‘सत्यकथे’त श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा साभार परत करत, पण कुठे काय खटकतं ते लिहून, पुन्हा लिहायला सांगून. नव्या माणसाची कथा अनेकदा त्या पत्रव्यवहारातून घडत असे. ते मासिक १९८२ मध्ये बंद झालं. त्याआधीच ज्यांना तिथलं दार आपलं वाटलं नाही, त्यांनी साठच्या दशकात सायक्लोस्टाइलवर आपली लघुनियतकालिकं काढली आणि मराठी बदलली. औरंगाबादला गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवलं, ते ज्यांना कोणी विचारलं नव्हतं त्या दलित लेखकांना शोधत, लिहितं करत. नवा लेखक आपोआप सापडत नाही. त्याला शोधायला कोणीतरी घराबाहेर पडलेलं असतं.

या संदर्भात मला नेहमी अनिल अवचट आठवतात. डॉक्टरकी शिकलेला पुण्यातला तरुण दुष्काळाच्या काळात बिहारच्या पूर्णिया जिल्ह्यात गेला, आणि जे पाहिलं ते त्याने लिहून काढलं. ‘साधना’चे संपादक यदुनाथ थत्ते यांनी ते छापलं. १९६९ मध्ये ‘पूर्णिया’ हे पुस्तक झालं. पुढची पन्नास वर्षं हा माणूस तंबाखूच्या वखारीत, हमालांत, विड्या वळणाऱ्या बायकांत, रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्यापाशी जाऊन बसला आणि लिहीत राहिला. त्यांचं वाक्य पाहा. ते लहान आहे. बोलल्यासारखं आहे. माणूस काय म्हणाला, त्याला किती पैसे मिळतात, तो कुठे झोपतो, हे त्या वाक्यात येतं. विशेषण क्वचित. सातवी शिकलेल्या बाईपासून प्राध्यापकापर्यंत कोणीही ते वाचू शकतं. वाचकाला सोपं जावं म्हणून विषय सोपा करावा लागत नाही, हे मराठीत त्यांच्याइतकं स्वच्छ कोणी दाखवलेलं नाही असं माझं मत आहे. स्वतंत्रपणे लिहू पाहणाऱ्या खारघरच्या मुलामुलींनी अलंकार शिकण्याआधी अवचटांचं कोणतंही एक पुस्तक घेऊन बसावं.

कारण विषय दारात पडले आहेत. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली आणि ठाणे-रायगडच्या ९५ गावांच्या जमिनींवर नवं शहर उभं राहिलं. कोपरा, बेलपाडा, ओवे ही गावं आता सेक्टरांच्या मधोमध आहेत. तिथल्या घरांतली आगरी बोली, भातखाचरं गेल्यावरचं जगणं, जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांनी भावाभावांत झालेल्या वाटण्या, हे आतून माहीत असलेला माणूसच लिहू शकेल. टाटा मेमोरियलच्या इथल्या ॲक्ट्रेक या केंद्रात देशभरातून कर्करोगाचे रुग्ण येतात. त्यांचे नातेवाईक खारघरमध्ये महिनोन् महिने खोल्या घेऊन राहतात, परक्या गावात भाजी घेतात, चूल मांडतात. त्यांच्यावर मराठीत सविस्तर लिहिलेलं तुम्ही शेवटचं कधी वाचलंत? पांडवकड्यावर दर पावसाळ्यात बंदी येते आणि दर पावसाळ्यात लोक जातात. बंदीची बातमी होते. धबधब्याखालचा खडक, अचानक चढणारं पाणी, वरच्या पाड्यांतली माणसं ते पाणी कसं ओळखतात, हे कोणी सांगत नाही. मोठ्या दैनिकाला खारघरसाठी रोज अर्धं पान देणं मुश्कील. हे काम स्वतंत्र लेखकाचंच आहे आणि ते करणारे आहेत, याबद्दल मला शंका नाही.

म्हणून दिवाळी अंकांच्या संपादकांशी मला थेट बोलायचं आहे. का. र. मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून ही परंपरा महाराष्ट्राने जपली, दर वर्षी शेकड्यांनी अंक निघतात, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण अनुक्रमणिका उघडली की तीच पंधरावीस नावं चार अंकांत दिसतात. या नामवंतांबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार संपादकांच्या फोनबुकाबद्दल आहे. तुम्ही ज्यांना ओळखता त्यांनाच विचारता. ज्यांना ओळखत नाही त्यांच्यापर्यंत जायला तुम्ही किती पावलं चाललात? ‘किर्लोस्कर’ हे १९२० मध्ये एका कारखान्याचं खबरपत्र म्हणून सुरू झालेलं मासिक होतं. त्याचे संपादक शं. वा. किर्लोस्कर स्वतः चित्रकार. त्यांनी चित्रं, मथळे, विषयांची निवड यांवर मेहनत घेतली आणि ते खेड्यापाड्यांत नेलं. किर्लोस्करवाडीसारख्या आडगावी बसून हे होऊ शकलं. मग पुण्या-मुंबईत बसून तुम्हाला खारघर लांब पडतं, हे मी कसं मानू?

लेखकाला काय सांगायचं तेही आधी सांगा. शब्दमर्यादा किती, मजकूर कोणत्या स्वरूपात हवा, निर्णय कधी कळेल, मानधन किती आणि कधी. ‘मानधनाचं नंतर बघू’ या वाक्यावर नव्या लेखकाने काम घेऊ नये, आणि जुन्या संपादकाने ते उच्चारू नये. वीज बिल नंतर बघू असं छापखाना म्हणत नाही.

खारघरलाही करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यासाठी कोणाच्या अनुदानाची वाट पाहायला नको. सोसायट्यांचे गणेशोत्सव मंडप, ग्रंथालयं, ज्येष्ठ नागरिकांचे कट्टे इथे वर्षभर वक्ते बोलावले जातात. त्यातला निम्मा वेळ इथल्याच लिहिणाऱ्यांना द्या. लिहिणाऱ्याने स्वतःचं एक पान वाचावं आणि ऐकणाऱ्यांनी कुठे अडलो ते सांगावं. अमुक वाक्य कळलं नाही, इथे कंटाळा आला, हे नाव आधी यायला हवं होतं. ज्याच्यापाशी संपादक नाही त्याला असे वीस श्रोते संपादकाइतके उपयोगी पडतात. ग्रंथालयांनी एक जाड वही ठेवावी : या परिसरात कोण, कशावर, कुठे लिहितं. नाव, विषय, छापून आलेल्या लेखांची तारीख. बाहेरचा संपादक आला की त्याच्यासमोर ती ठेवावी. ग्रुपच्या ॲडमिननी एवढाच नियम करावा की लेखकाचं नाव नसलेला मराठी मजकूर इथे टाकायचा नाही. पहिले दोन आठवडे लोक चिडतील. तिसऱ्या आठवड्यात पाठवण्याआधी नाव शोधू लागतील.

आणि यंदाच्या दिवाळी अंकांत दोन पानं राखून ठेवा : खारघर, कामोठे, कळंबोली, तळोजे इथल्या, आजवर कुठेही न छापल्या गेलेल्या लेखकांसाठी. मजकूर युनिकोडमध्ये मागवा. नाव शीर्षकाखाली छापा. मानधनाचा आकडा जाहिरातीतच लिहा. ती जाहिरात गणपतीच्या आधी सोसायट्यांच्या फलकांवर आणि स्थानकाबाहेरच्या वर्तमानपत्रांच्या ठेल्यावर लागली पाहिजे, कारण त्यानंतर अंकांची पानं भरलेली असतात आणि नव्या माणसाला पुढच्या वर्षी या असंच सांगितलं जातं.